कोल्हापुरात पोरं कमी आणि सीटा जास्त, असं का? लोकसंख्या, नोकऱ्या आणि कॉलेजचं नियोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर एक टेबल मांडत्यात आणि गेली बरीच वर्षं त्या टेबलामागं मला बसवत्यात. पालक येतात, फॉर्म विचारतात, जातीचा दाखला चालंल का, उत्पन्नाचा जुना चालंल का ते विचारतात, आणि मग खुर्ची पुढं ओढून खरा प्रश्न काढतात, "सर, पुढं काय चालणार हाय?" तेच तेच उत्तर देऊन घसा बसायला लागला म्हणून हे लिहून ठेवलंय. मी शिक्षक आहे, ज्योतिषी नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

लोकसंख्या तर वाढतीय म्हणतात, मग पोरं कमी कशी काय?

दोन्ही एकाच वेळी होतंय. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती, दहा वर्षांत साधारण १० टक्के वाढलेली. त्याच काळात महाराष्ट्र १६ टक्के वाढला, म्हणजे आपण तेव्हाच हळू झालो होतो. आता एका बाईला सरासरी किती मुलं होतात तो आकडा बघा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा १.७ आला, देशाचा २.०. लोकसंख्या जागेवर टिकायला साधारण २.१ लागतात. तरी एकूण माणसं वाढत राहतात, कारण मागं जन्मलेल्या मोठ्या पिढीच्या पोरी आज आई होण्याच्या वयात आहेत आणि म्हातारी माणसंबी जास्त वर्षं जगायला लागलीत. गाडीचा एक्सिलेटर सोडला तरी ती थोडी पुढं जातेच की, तसंच हे.

तुमच्या घरातच मोजा ना. आजोबा आठ भावंडं, वडील चार, तुम्ही दोघं, आणि तुमचं एकच, त्याला स्कूल बसला सोडायला घरातली तीन माणसं गेटपर्यंत.

बरं, पण ह्याचा कॉलेजशी काय संबंध?

पोरगं जन्मल्यापासनं कॉलेजच्या दारात यायला अठरा वर्षं लागतात. २०२५ साली जन्मलेलं पोर २०४३ ला अठराचं होणार. म्हणजे तोवर जेवढी पोरं पहिल्या वर्षाला बसणार आहेत ती सगळी आत्ता कुठंतरी बालवाडीत, शाळेत नाहीतर पाळण्यात आहेत, त्यात नवीन भर पडली तर ती फक्त बाहेरनं येणाऱ्यांची. उद्याचा पाऊस कुणाला सांगता येत नाही पण अठरा वर्षांनंतरचा वर्ग केवढा असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं, आणि तरीबी आपल्याकडं इमारत आधी उभी राहते आणि पोरं नंतर शोधायला निघतात. एका कॉलेजात (नाव नाही सांगत) आम्ही जूनमध्ये प्राध्यापकांना मोटरसायकलीवर गावोगाव पोरं गोळा करायला जाताना बघितलंय, प्रत्येकाला कोटा ठरवून दिलेला, एवढी ॲडमिशनं आणली तर पुढच्या वर्षी तासिका मिळणार. पीएचडी झालेला माणूस भावा, पारावर बसून माहितीपत्रक वाटत होता.

जनगणनाच झालेली नाही, मग आकडा आणायचा कुठनं?

२०२१ ची जनगणना कोरोनात राहिली आणि पुढं ढकलत ढकलत आता २०२७ वर गेली, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे २०११ चे आकडे घेऊन आपण पंधरा-सोळा वर्षं कारभार हाकला. पण कॉलेजच्या नियोजनाला जनगणनेची वाट बघायची गरज नाही. शाळेचा पट बघा.

रीत साधी आहे. समजा एका गटातल्या सगळ्या शाळांत मिळून पहिलीला ४०० पोरं आहेत. मागच्या वर्षांचा पट काढून बघायचं की पहिलीतल्या १०० पैकी दहावीला किती पोचली, दहावीतली किती बारावीला, बारावीतली किती कॉलेजला. समजा पहिलीच्या १०० मधली शेवटी ५० कॉलेजला गेली, तर ह्या ४०० मधली २०० येतील. त्यातली काही पुण्याला जाणार, काही कोल्हापुरात, काही निपाणी-बेळगावला, ते वजा करा, राहतील ती तुमची. आणि पुढच्या वर्षी पहिलीचा पट ३७० असला, त्याच्या पुढं ३५०, तर उतार किती आहे ते डोळ्याला दिसतंयच. एक्सेलचं बेसिक येणाऱ्या माणसाला एका दुपारचं काम. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड ह्या बाजूला वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांचा पट वीसच्या खाली आला की गुरुजींची झोप उडते, तो पट म्हणजे दहा-बारा वर्षांनंतरच्या कॉलेजची पत्रिका आहे. एवढं वाचायला तरी ज्योतिषी लागत नाही.

सीटा ठरवतं तरी कोण? कुणीतरी बसून हिशेब करत असेल ना?

बसतात की, पण वेगवेगळ्या खोल्यांत. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या कॉलेजांचा बृहत् आराखडा, म्हणजे कुठं कुठलं कॉलेज काढायचं त्याचा मोठा आराखडा, विद्यापीठ करतं, पाच वर्षांचा असतो, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातच ते आहे. आपलं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, कोल्हापूर, सांगली, सातारा त्याच्याकडं. इंजिनियरिंगच्या डिग्रीच्या आणि डिप्लोमाच्या सीटांना दिल्लीची एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद, परवानगी देते. डिप्लोमाच्या परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाकडं. आयटीआय व्यवसाय शिक्षण संचालनालयाकडं. नर्सिंग, मेडिकल, फिजिओ नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेलं. शेतीचं कॉलेज कोल्हापुरात आहे पण ते राहुरीच्या कृषी विद्यापीठाला जोडलेलं. खासगी विद्यापीठं आपापली मालक. आता ह्या सगळ्यांचं गिऱ्हाईक कोण, तर तीच पोरं. प्रत्येक खोलीत बेरीज बरोबर आहे, पण सगळ्या खोल्यांची मिळून बेरीज जिल्ह्यात कोण एका टेबलावर मांडून करताना मला तरी दिसलं नाही. त्यातनं २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या कॉलेजांना सीटांची वरची मर्यादा काढली, मग शहरातल्या मोठ्या कॉलेजनं कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या की तालुक्याचं कॉलेज आपोआप रिकामं. पोरं तेवढीच, फक्त ताट बदललं.

इंजिनियरिंगच्या मेकॅनिकलच्या सीटा रिकाम्या आणि तिकडं फौंड्रीवाला (धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखानदार) माणूस मिळत नाही म्हणून रडतोय, हे कसं काय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा बैजवार सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात शिरोली एमआयडीसीत ओळखीच्या एका फौंड्रीत पोरांना घेऊन गेलो होतो. दुपारची शिफ्ट, फर्नेसजवळ उभं राहवत नव्हतं, मोल्डिंग लाइन चालू, पलीकडं फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाच्या कडा घासून साफ करायला, ग्राइंडरच्या ठिणग्या. सूचनांचा बोर्ड हिंदीत. कोअर शॉपमध्ये एक बिहारचा पोरगा कोअर बॉक्समधनं कोअर (कास्टिंग आतनं पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा ठोकळा) असा अलगद काढत होता की आमच्या पोरांनी मोबाईल खाली केले. मालक म्हणाले, फेटलिंगला आणि मोल्डिंगला मला बाहेरची माणसं मिळतात, माझं दुखणं ते नाही, मला मेथडिंग करणारा, म्हणजे साच्यात धातू कुठनं कसा ओतायचा ते ठरवणारा पाहिजे, कास्टिंगमध्ये पोकळी का आली ते सांगणारा पाहिजे, स्पेक्ट्रोचा (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट वाचून चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, काय बदल करायचा ते कळणारा पाहिजे, पॅटर्नचं (ज्यावरनं साचा पाडतात त्या नमुन्याचं) थ्रीडी डिझाईन करणारा पाहिजे. "सर, तुमची मेकॅनिकलची पोरं येतात, एसी ऑफिस कुठं आहे विचारतात आणि पुण्याला जातात."

आता ह्यात पोरांची चूक आहे का? पगार बघा, सुरुवातीला जे हातात पडतं त्यात राजारामपुरीत खोली भाड्यानं घेऊन राहणं अवघड, आणि लग्नाच्या बाजारात फौंड्रीतला पोरगा चालत नाही, आयटीतला चालतो, मग काम घरात बसून असो नाहीतर प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसून असो. मालक लोकांनी दहा वर्षं स्वस्त मनुष्यबळावर काढली आणि आता कौशल्य पाहिजे म्हणतात, पण कौशल्याचा भाव द्यायची वेळ आली की कॅल्क्युलेटर काढतात. हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय, चहा मिळायचा थांबलेला नाही अजून.

दुसरं म्हणजे उद्योगच बदलतोय. कोल्हापूरचं नाव ऑइल इंजिनवर झालं, उद्यमनगरात लोकांनी लेथवर इंजिनं जुळवली. आज गाड्यांचे कास्टिंग जातात, पण इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ब्लॉकच नसतो, तिथं ॲल्युमिनियमची हाउसिंग लागतात. इचलकरंजीत साध्या मागांच्या जागी शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे माग यायला लागले, पूर्वी जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) कानानं माग कुठं अडतोय ते ओळखायचा, आता इलेक्ट्रॉनिक पॅनेल वाचणारा लागतो. म्हणजे माणसं कमी लागणार पण जरा जास्त शिकलेली लागणार. नेमकं हेच कमी पोरांच्या पिढीला जमण्यासारखं आहे, जर अभ्यासक्रम तिकडं वळला तर. वळतोय कुठं? नवी तुकडी मागितली की नावात एआय नाहीतर डेटा सायन्स पाहिजेच, धातुशास्त्राची तुकडी मागणारा संस्थाचालक मला अजून भेटायचाय.

बाहेरची माणसं आली म्हणून आपल्या पोरांची कामं गेली का?

नाही. उलटं झालं, आपली पोरं त्या कामातनं आधी उठली आणि जागा रिकामी झाली. होळीला किंवा छटपूजेला माणसं गावाकडं गेली की एमआयडीसीतल्या किती लाइन बंद पडतात ते कुठल्याही सुपरवायझरला विचारा. आता तर पंचगंगेच्या घाटावरच छटपूजा होते, म्हणजे बरीच जण राहायलाच आलीत.

ह्यातली एक गोष्ट नियोजनवाल्यांच्या नजरेतनं सुटते. त्यांची पोरं. एमआयडीसीच्या आसपासच्या मराठी शाळांत पटावर ही पोरं आहेत, घरात भोजपुरी, मैदानावर कोल्हापुरी. एका बाईंनी मला सांगितलं की त्यांच्या वर्गात कविता सगळ्यात खणखणीत म्हणणारी पोरगी उत्तर प्रदेशातनं आलेल्या मोल्डरची आहे. काही शाळा ह्याच पोरांवर टिकल्यात. दहा वर्षांनी कॉलेजच्या दारात तीच उभी राहणार, त्यांच्या आईवडिलांकडं इथला रहिवास दाखला असंल नसंल, शिष्यवृत्तीत बसतील न बसतील, हे आत्ताच बघायला पाहिजे.

मुलींचं काय? त्या तर जास्त शिकत्यात.

शिकत्यात. पण आधी एक कडू आकडा गिळा. ०-६ वयोगटात हजार मुलांमागं मुली आपल्या जिल्ह्यात २००१ ला ८३९ होत्या, २०११ ला ८६३. राजर्षी शाहूंचं गाव आपण अभिमानानं सांगतो आणि हा आकडाबी आपलाच. त्या २००१ च्या पिढीची पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत, गावात लग्नं जमत नाहीत त्याचं एक कारण सोनोग्राफीच्या खोलीत तेव्हाच घडून गेलंय.

ज्या मुली आहेत त्या मात्र कॉलेजात टिकतात. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरात मुलींचा उच्च शिक्षणातला टक्का मुलांच्या टक्क्याच्या बरोबरीला, किंचित वरच. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलं झालं. पण फी हा एकच खर्च नसतो. राधानगरीच्या पलीकडच्या वाडीतनं पोरगी निघाली तर संध्याकाळच्या एसटीवर तिचं शिक्षण टांगलेलं, ती चुकली की दुसऱ्या दिवशी घरात चर्चा. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं काढली, ती ह्याच कारणानं, शाळा शहरात आहे आणि पोर खेड्यात. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्याच्यानंतर आलं. माझ्या मते आज नवीन कॉलेज काढण्यापेक्षा आहे त्या कॉलेजशेजारी मुलींचं एक चांगलं हॉस्टेल बांधलं तर जास्त पोरी शिकतील, आणि ते बांधकाम मोठ्या कॉलेजपेक्षा स्वस्त.

शिकून पुढं नोकरी किती करतात, हे मात्र वेगळं दुखणं. डिग्रीचा फोटो आणि साखरपुड्याचा फोटो एकाच महिन्यात स्टेटसला बघितलेत.

म्हातारी माणसं वाढणार, मग त्यात पोरांना काम आहे का?

भरपूर. देशात साठीच्या पुढची माणसं २०११ ला ८.४ टक्के होती, सरकारच्याच तज्ज्ञ गटाच्या अंदाजानं २०३६ ला साधारण १५ टक्के होतील, आणि देशाचं मधलं वय (निम्मी माणसं त्याच्या खालची, निम्मी वरची) २५ वरनं ३४-३५ वर जाईल. आजरा, गडहिंग्लज, भुदरगडात एक चक्कर मारा, घरं मोठी, दारात तुळस, आत दोन म्हातारी माणसं आणि भिंतीवर पुण्या-मुंबईतल्या पोरांचे फोटो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की सांभाळायला माणूस मिळत नाही, मिळाला तर शिकलेला नसतो, सलाइनची सुई कुठली आणि साखरेच्या इंजेक्शनची कुठली तेबी कळत नाही.

नर्सिंग, फिजिओ, लॅब टेक्निशियन, घरी येऊन सांभाळ करणारी प्रशिक्षित माणसं, ह्या सगळ्याला पुढची तीस वर्षं मागणी राहणार. बाहेरबी. जर्मनीनं २०२४ ला भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसा २० हजारांवरनं ९० हजारांवर नेले, आणि महाराष्ट्रानं त्याच वर्षी तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. पण जाहिरात बघून पळू नका, जर्मन भाषेची बी-१, बी-२ पातळी गाठायला घाम निघतो. आणि एक मला सतावतंय, आपल्या नर्स तिकडच्या आजोबांना सांभाळायला गेल्या तर आपल्या आजोबांना कोण, हा हिशेब कुठल्या करारात लिहिलेला नसतो.

२०३५ पर्यंत ५० टक्के पोरं उच्च शिक्षणात आणायची म्हणतात, मग कॉलेजं वाढवायलाच लागणार ना?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातलं ते उद्दिष्ट आहे. २०२१-२२ ला देशाचं प्रमाण २८.४ होतं, महाराष्ट्र त्याच्या बराच वर. पण हा टक्का काढतात कसा ते समजून घ्या, उच्च शिक्षणातली एकूण पोरं भागिले १८ ते २३ वयाची एकूण लोकसंख्या. खालचा आकडा कमी व्हायला लागला की वरचा तेवढाच राहिला तरी टक्का वाढतो. म्हणजे काही न करता पाठ थोपटून घ्यायची सोय आहे इथं. म्हणून टक्क्याच्या बातमीबरोबर डोकी किती तेबी विचारा, आणि पास होऊन बाहेर किती पडली तेबी.

जपान-कोरियात काय झालं?

जपानमध्ये १९९२ ला अठरा वर्षांची २० लाखांवर पोरं होती, आता ११ लाखांच्या आसपास. २०२३ ला तिथल्या निम्म्याहून जास्त खासगी विद्यापीठांच्या सीटा भरल्या नाहीत. कोरियात तर म्हण पडलीय की चेरीचा बहर ज्या क्रमानं येतो त्या क्रमानं विद्यापीठं बंद पडणार, म्हणजे दक्षिणेकडची आधी, राजधानीपासनं लांबची आधी. आपल्याकडं चेरी नाही, पण लांबची आधी हा नियम इथंबी लागू पडतोय, घाटाखालच्या आणि डोंगरातल्या कॉलेजांना विचारा.

माझं वय ३८, डिप्लोमा झालाय, आता परत शिकू का?

शिका, आणि लाजू नका. पोरं कमी होणार असतील तर कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बसणार कोण, तर तुम्ही. सीएनसीवर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला संध्याकाळी सहा ते आठ, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला शिफ्ट सुटल्यावर जमेल असा कोर्स पाहिजे. मुक्त विद्यापीठ आहे, शिकलेल्याचे गुण जमा ठेवून पुढं वापरायची क्रेडिट बँक आली, वर्षभर शिकून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय कागदावर आली. पण कॉलेजं अजून सकाळी आठला उघडून दुपारी दोनला कुलूप लावतात. आमचंबी तेच. लॅबमधल्या मशीन दुपारनंतर झाकून ठेवलेल्या असतात, ते बघून मला लय वाईट वाटतं.

मग पोराला कशाला घालू, सरळ सांगा की!

पोराला काय आवडतं ते आधी त्याला विचारा, मग मला. त्यातनंबी विचारलंच तर, शाखेच्या नावावर जाऊ नका, तिथं लॅब चालू आहे का, शिक्षक पूर्ण पगारावर आहेत का तासिकेवर, आणि मागच्या तीन वर्षांची पोरं आत्ता काय करतात, एवढं बघून या.

आमच्या भागात कॉलेज पाहिजे, मागणी कुठं करायची?

विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात तुमचं गाव किंवा तो परिसर आलेला असावा लागतो, आराखड्यात नसेल तर संस्थेला इरादापत्रच, म्हणजे कॉलेज काढायची पहिली परवानगीच मिळत नाही. आत्ताचा आराखडा २०२४ ते २०२९ चा आहे, म्हणजे पुढच्याची तयारी आत्तापासनं. नुसता ग्रामसभेचा ठराव आणि आमदारांचं पत्र घेऊन जाऊ नका. आसपासच्या सगळ्या शाळांचा पहिली ते बारावीचा पट घेऊन जा, वीस किलोमीटरच्या आतल्या कॉलेजात किती सीटा रिकाम्या आहेत ते लिहा, आणि सोबत एसटीचं वेळापत्रक जोडा. एका गावानं असं सगळं गोळा केलं तर त्यांच्याच लक्षात आलं की कॉलेज नको, संध्याकाळी साडेपाचची एक गाडी पाहिजे. गाडी सुरू झाली, अजून चालू आहे, फक्त शनिवारी येत नाही.